मोजले तर ४६, तरीही एक जास्त

कोळगावातून बोलतोय, पालघरच्या कलेक्टर ऑफिसच्या गावातून. आपल्याकडे डाऊन सिंड्रोमचं मूल जन्मलं की बोटं आधी आईकडे वळतात. वय जास्त होतं का, ग्रहणात बाहेर गेली होती का? म्हणून आज १९६० सालची गोष्ट.

माणसात ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ साली, स्वीडनमध्ये, पक्कं झालं. त्याआधी पुस्तकं बिनधास्त ४८ छापत होती! १९५९ मध्ये पॅरिसच्या लेज्यून, गोतिए आणि तुर्पां यांनी दाखवलं, की डाऊन सिंड्रोममध्ये ४७ असतात, २१ नंबरचं एक जादा. (पेशी वाढवायचं तंत्र उभं केलं गोतिएबाईंनी, नाव गाजलं लेज्यूनचं. तो वेगळा एपिसोड.)

पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. पॉल पोलानींना एक मुलगी भेटली. डाऊन सिंड्रोम आहे, आई तरुण, आणि गुणसूत्रं ४६च. त्यांच्यासोबत होते चार्ल्स फोर्ड, हार्वेलचे. आपल्याकडे अणू म्हटलं की तारापूर, तसं तिकडे हार्वेल. उत्तर निघालं: जादा २१ दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलं होतं. हेच ट्रान्सलोकेशन.

आमच्या कोडिंगच्या भाषेत, दोन फाइल्स जोडून एक केली. डेटा पूर्ण, फाइल एक कमी. असा माणूस ४५ गुणसूत्रांवर ठणठणीत जगतो, त्याला पत्ताही नसतो. घोळ होतो मुलाला वाटा देताना. समजा १४ आणि २१ जोडलेत. ती जोडी आणि शिवाय सुटं २१, दोन्ही एकाच बीजांडात किंवा शुक्राणूत गेली, की जोडीदाराचं धरून २१ तीन होतात. चुकीची वाटणी झालेले बरेच गर्भ टिकतच नाहीत, म्हणून काही घरांत वारंवार गर्भपात होतात. वाटणी बरोबर झाली तर मूल निरोगी, कधी स्वतःही वाहक.

डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या तीन-चार मुलांतच हा प्रकार असतो, आणि बऱ्याचदा तो नव्यानेच घडलेला असतो. पण १४-२१ची जोडी आईकडे असेल तर पुढच्या प्रत्येक खेपेला साधारण १० ते १५ टक्के धोका, बापाकडे असेल तर एक-दोन टक्के. दोन्ही २१च एकमेकांना चिकटलेली असतील, तर आई असो की बाप, जन्मणारं मूल डाऊन सिंड्रोमचंच. इथे आईच्या वयाचा संबंधच नाही.

म्हणून आधी मुलाची कॅरिओटाइप तपासणी. त्यात ट्रान्सलोकेशन निघालं तर रक्त आई आणि बाप दोघांचं. 'फक्त सुनेचं तपासा' म्हणणाऱ्या सासूबाईंना हा एपिसोड जरूर फॉरवर्ड करा. जोडी त्यांच्या मुलाकडे निघाली, तर ती त्याला त्यांच्याकडूनच मिळालेली असू शकते. वाहकाच्या भावाबहिणींनीही तपासून घ्यावं.