नकाशावरील मानपूर नेमके कोणते?

इंदूर जिल्ह्यात महूच्या दक्षिणेस, आग्रा-मुंबई महामार्गावर मानपूर हे छोटे नगर आहे. माळव्याचे पठार संपून निमाडकडे उतरण्याची वाट येथूनच जाते. याच नावाचे दुसरे गाव मध्य प्रदेशातच, उमरिया जिल्ह्यात बांधवगड व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात आहे. तिसरे मानपूर बिहारमध्ये गया शहरासमोर फल्गू नदीच्या पूर्व काठावर असून ते विणकरांसाठी ओळखले जाते. चौथे छत्तीसगडमध्ये आहे. २०२२ मध्ये अस्तित्वात आलेल्या मोहला-मानपूर-अंबागड चौकी या जिल्ह्याच्या नावातच ते आढळते.

माणसाला बोलण्याच्या ओघात यांतील फरक कळतो. सॉफ्टवेअरला तो सांगावा लागतो. शासकीय खाती, बँका आणि उद्योग आता आपले अहवाल पॉवर बीआय, टॅब्लो यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतात. तक्त्यातील गावाचे नाव नकाशावर ओढले की ठिपका उमटतो. मात्र तो ठिपका म्हणजे नावावरून केलेला अंदाज असतो. इंदूर आणि उमरिया येथील मानपुरांत ५०० किलोमीटरहून अधिक अंतर आहे. पाणीटंचाईच्या अहवालात एकाची नोंद दुसऱ्याच्या जागी पडली, तर एका गावाची निकड नकाशावरून नाहीशी होते आणि दुसऱ्याची विनाकारण वाढते.

नाव म्हणजे पत्ता नव्हे

नावासोबत राज्याचा स्तंभ जोडावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मानपूरच्या बाबतीत तो अपुरा ठरतो, कारण दोन मानपूर एकाच राज्यात आहेत. म्हणून ‘मानपूर, इंदूर, मध्य प्रदेश, भारत’ असा पूर्ण पत्ता एका स्तंभात तयार करून त्या स्तंभाचा प्रकार ‘स्थान’ असा निश्चित करावा. त्याहून खात्रीचा मार्ग अक्षांश-रेखांशाचा. इंदूरचे मानपूर सुमारे २२.४ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे दिले की अंदाजाला वाव उरत नाही. दोन तक्ते जोडतानाही नावाऐवजी जनगणनेचा किंवा पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील ग्रामसंकेतांक वापरणे श्रेयस्कर.

नावे बदलतात, हीदेखील अडचण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान असलेल्या महूचे अधिकृत नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे आणि उत्तर प्रदेशात आंबेडकर नगर नावाचा एक जिल्हाही आहे. गोव्यात तर हा प्रश्न घरचाच. सासष्टीतील नावेली आणि डिचोलीतील न्हावेली मराठीत वेगळ्या दिसतात. रोमन लिपीत दोहोंचे स्पेलिंग एकच होते. मडगावचे नाव नगराच्या कागदपत्रांत एक, तर रेल्वे स्थानकावर दुसऱ्या स्पेलिंगने लिहिले जाते.

सीमा कोणत्या वर्षाच्या?

प्रदेश रंगवून दाखवणाऱ्या नकाशात सीमांचे वर्ष आणि आकडेवारीचे वर्ष जुळावे लागते. २०११ च्या जनगणनेत फोंडा तालुका उत्तर गोव्यात होता; २०१५ मध्ये तो दक्षिण गोव्यात गेला. त्या जनगणनेच्या तक्त्यांत धारबांदोडा स्वतंत्र तालुका म्हणून आढळत नाही. जुने आकडे नव्या सीमांवर टाकल्यास जिल्ह्याची बेरीजच चुकते.

एकूण संख्या रंगाने दाखवणेही फसवे ठरते. सांगेसारखा विस्तीर्ण, वनाच्छादित तालुका नकाशाची मोठी जागा व्यापतो. दाट वस्तीचा मुरगाव मात्र किनाऱ्यावरील लहानसा तुकडा दिसतो. अशा वेळी दरहजारी प्रमाण किंवा घनता रंगाने दाखवावी आणि एकूण संख्येसाठी वर्तुळे वापरावीत. २०११ मध्ये उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ आणि दक्षिण गोव्याची ६,४०,५३७ होती. दर चौरस किलोमीटरमागे हेच प्रमाण अनुक्रमे ४७१ आणि ३२६ भरते. रंगांसाठी एकाच छटेच्या फिकट ते गडद पायऱ्या पुरेशा असतात; लाल-हिरव्यातील भेद काही वाचकांना दिसत नाही. भारताच्या बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच हव्यात. त्याविरुद्ध नकाशा प्रसिद्ध करणे दंडनीय आहे.

पानाची मांडणी

पॉवर बीआयचे पान मूलतः १६:९ या प्रमाणात असते. त्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा वरच्या डाव्या कोपऱ्यात, निवडीचे पर्याय एका ओळीत, मध्यभागी नकाशा आणि शेजारी क्रमवार स्तंभालेख किंवा तक्ता, एवढी मांडणी बहुतेक अहवालांना पुरते. नकाशा ‘कोठे’ हे सांगतो. ‘किती’ हे अचूकपणे तक्ताच सांगतो. शीर्षकात विषयाबरोबर एकक आणि कालावधी यावा. भ्रमणध्वनीसाठी वेगळी उभी मांडणी करावी.

स्थान न सापडलेल्या नोंदी नकाशावर दिसत नाहीत आणि वाचकाला त्यांची कल्पनाही येत नाही. म्हणून पानावर ‘नकाशावर न आलेल्या नोंदी’ अशी एक लहान चौकट ठेवावी. नकाशावरील बेरीज आणि ही चौकट मिळून मूळ तक्त्याची बेरीज आली पाहिजे. मात्र चुकीच्या जागी पडलेली नोंदही या बेरजेत बसून जाते. ती ओळखण्यासाठी ठिपका आपल्याच जिल्ह्याच्या सीमेत आहे का, हे स्वतंत्रपणे पडताळावे लागते. अहवाल प्रसृत करण्यापूर्वी एवढी तपासणी झाली, तर मानपूरची नोंद मानपूरलाच राहते.