गावच्या मुलाण्याचा इतिहास

तासगाव म्हटले की परशुरामभाऊ पटवर्धन आठवतात, गणपतीचे मंदिर आणि त्याचे गोपुर आठवते. १८४८ साली इंग्रजांनी हे संस्थान खालसा केले, हेही जाणकार सांगतात. पण अशा मुलखात जो कुणबी नांगर धरीत होता, जो पिंजारी कापूस पिंजत होता, जो मुलाणी बकरा हलाल करून आपले बलुते नेत होता, त्यांचे काय? इतिहासाच्या पुस्तकात ते क्वचितच भेटतात.

याचे कारण कागदांचा अभाव हे नाही. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. ते काम थोरच आहे. पण त्या काळच्या अभ्यासकांपुढचा मुख्य प्रश्न मोहिमांचा व दरबारी राजकारणाचा होता. कागदाला जे विचारावे, तेच तो सांगतो.

प्रश्न बदलला तो सामाजिक इतिहासाने. १९२९ मध्ये फ्रान्समध्ये मार्क ब्लॉक व ल्युसियाँ फेव्र यांनी ‘अनाल’ नियतकालिक काढले आणि शेती, समाज, लोकांची मानसिकता हे इतिहासाचे विषय ठरवले. १९६३ मध्ये ई. पी. थॉम्पसन यांनी इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिला. १९८२ पासून रणजित गुहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील दबलेल्या समूहांकडे लक्ष वळवले.

महाराष्ट्रालाही ही दृष्टी परकी नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. त्यात पाटील-कुलकर्ण्यांबरोबर अलुते-बलुतेही आहेत, आणि त्यांत मुलाणाही आहे. पुढे अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकाळाचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने तर मराठी कागद वाचून बलुतेदारी ही कुणा एका घराची नव्हे, तर अख्ख्या गावाची चाकरी होती, असे दाखवले.

आपल्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. प्रचलित इतिहासात मुसलमान येतो तो आदिलशहा, अफझलखान वा औरंगजेब म्हणून. मग आजच्या आतार, तांबोळी, शिकलगाराकडून त्या बादशहांचा हिशेब मागितला जातो. पण गावच्या खळ्यावर सुतार-लोहारांप्रमाणे मुलाण्याचाही वाटा निघत असे. तो पाहुणा नव्हता, हक्कदार होता. आपण याच मातीतले, हे सांगायला भाषण लागत नाही. बलुत्याची नोंद पुरते.

मात्र हा आरसा आपल्यालाही चुकवता येणार नाही. आपल्यातल्या उच्चनीचतेचे काय, काझीच्या घरची सोयरीक पिंजाऱ्याकडे का होत नव्हती, हेही त्याला विचारावेच लागते. आणि बायकांचे काय? रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये विजापूरच्या सूफींवर लिहिताना दळणाच्या दखनी गीतांना पुरावा मानले. जात्यावरची बाईसुद्धा इतिहासाची साक्षीदार असते, हे त्यामुळे पटते.

तेव्हा पेटीतली सनद, जुना निकाहनामा, दुकानाची वही रद्दीत घालू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना धंद्याचे, बलुत्याचे, गाण्यांचे विचारा. ते सांगतील ते तारीखवार उतरवून ठेवा. त्या नोंदी नसतील, तर उद्याच्या अभ्यासकाला पुन्हा बादशहाच तेवढे सापडतील.