सनदेपासून पावतीपर्यंत

मराठेशाहीत देवळाला, मठाला किंवा मशिदीला मिळणारे मोठे दान म्हणजे जमिनीचा सारा. कसणारा कुणबी तोच राही. सरकारात जायचा वसूल मात्र दिवाबत्ती, नैवेद्य आणि अन्नछत्राकडे वळे. सनदेत ‘कुलबाब कुलकानू’ असे शब्द पडले, की चालू पट्ट्यांबरोबर पुढे बसणाऱ्या पट्ट्याही माफ होत. चिंचवडच्या देवांकडे अशी गावेच्या गावे होती. दान आणि करमाफी या तेव्हा वेगळ्या गोष्टी नव्हत्या. राज्यकर्ता दान देई तो करच.

पेशवाई गेल्यावर हा सोडलेला सारा कंपनी सरकारला खुपू लागला. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदारांकडे सनदा मागितल्या गेल्या, त्या पेशवे दफ्तराशी ताडून पाहिल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कागदावाचून लटकी ठरू लागली, हा मोठा अन्याय होता. दक्षिणी मराठी मुलखातल्या 1857-58 च्या असंतोषामागे तोही होता. धर्मादायाला मात्र याच कायद्याने निराळा न्याय लावला. खाजगी इनाम वंशाबरोबर संपू शके. देवस्थानाचे स्वरूप कायमचे असेल, तर सनदेत तसा उल्लेख नसला तरी त्याचे इनाम कायम धरायचे होते. 1863 च्या कायद्याने खाजगी इनामदाराला जुडी (सवलतीचा सारा) आणि नजराणा कबूल करून चौकशीतून सुटण्याची आणि जमीन विकण्याची मोकळीक दिली. देवस्थानाच्या जमिनीला ती नव्हती. अनेक देवळांची इनामे पुढे टिकली, त्यात या बंधनाचा वाटा मोलाचा आहे.

साऱ्याकडून उत्पन्नावरच्या कराकडे वळले, तर 1886 च्या प्राप्तिकर कायद्याने धार्मिक व सार्वजनिक धर्मादाय कामी लावलेल्या मालमत्तेचे उत्पन्न करमुक्त ठेवले. ही माफी संस्थेला होती. दात्याच्या स्वतःच्या करात सूट देणारे कलम 15-ब 1922 च्या कायद्यात मागाहून घातले गेले; 1961 च्या कायद्यात त्याची जागा कलम 88 ने आणि 1 एप्रिल 1968 पासून 80-जी ने घेतली. येथे पुरावा सनदेचा नव्हता, पावतीचा होता. शिवाय 1976 च्या स्पष्टीकरणाने ही सूट पैशाच्या देणगीपुरतीच राखली, त्यामुळे अन्नछत्राला दिलेली तांदळाची पोती हिशेबाबाहेर राहिली. 2017 च्या वित्त कायद्याने दोन हजार रुपयांवरची रोख देणगीही वगळली.