दुर्बिणीचे दोन अर्थ

शहादा, तळोदा, धडगाव, कुठेही जा. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की बाईमाणूस एकच अर्थ घेतं: पाळणा थांबवणं. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांनी हा अर्थ रुजवला. ‘बिनटाक्याचं’ हे त्याचंच दुसरं नाव. आता मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या सुनेला डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून ऑपरेशन करू. सासूबाईंच्या पोटात गोळा येणारच! याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो, पण त्या शब्दामागे इतिहास आहे.

इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ साली स्त्रीरोगांसाठीच्या दुर्बिणीवर पुस्तक लिहिलं. ते याच दुर्बिणीतून नसबंदी करत आणि याच दुर्बिणीतून त्यांनी स्त्रीबीज बाहेर काढलं. त्यातून १९७८ साली जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी जन्मलं. एकच माणूस, एकच नळी. उपकरणाला स्वतःचा हेतू नसतो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. इतकं चांगलं उदाहरण तेव्हा सुचलं नव्हतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९७२ मध्ये पोट तपासायला दुर्बीण वापरली. केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मलं.

आता एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह बाहेर, बीजकोशावर नि आतड्यांजवळ वाढतो. पाळी असह्य होते, अवयव एकमेकांना चिकटतात. ‘पाळीत दुखतंच’ म्हणत घरचे वर्षं घालवतात. दुर्बिणीतून ते ठिपके जाळतात, चिकटलेलं सोडवतात. मूल होण्यासाठी याचा उपयोग होतो का? कॅनडातल्या ३४१ स्त्रियांवरचा अभ्यास १९९७ मध्ये आला. आजार सौम्य होता. ज्यांच्यावर उपचार केले त्यांच्यात ३६ आठवड्यांत शंभरात सुमारे ३१ जणींना गर्भ राहून वीस आठवड्यांपुढे टिकला. फक्त तपासणी झालेल्यांत सुमारे १८ जणींना. फरक खरा, पण चमत्कार नव्हे. शिवाय बीजकोशावरची ‘चॉकलेट सिस्ट’ काढताना चांगली बीजंही जाऊ शकतात, म्हणून वय आणि बीजांचा साठा आधी पाहावा लागतो. तिशी ओलांडलेल्या बाईने तर हे विचारायलाच हवं.

नंदुरबारच्या त्या सुनेला, आणि सासूबाईंनाही, आपण एवढंच सुचवू: सहीआधी डॉक्टरांना सरळ विचारा, नळ्या बांधणार की मोकळ्या करणार? आणि उत्तर चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या.