व्यसनस्मृतींचे शिथिलीकरण

व्यसनस्मृतींचे शिथिलीकरण : अमली पदार्थ, दारू किंवा तंबाखू यांच्याशी जोडल्या गेलेल्या आठवणींचा जोर औषधाने वा विशिष्ट अनुभवाने कमी करण्याची प्रायोगिक उपचारपद्धती. बहुतेक प्रयोगांत आठवण आधी मुद्दाम जागी करतात आणि ती पुन्हा पक्की होण्यापूर्वी तिच्यात हस्तक्षेप करतात. आपण नशा करत होतो हे माणसाने विसरावे, असा यामागचा हेतू नाही. जुन्या खुणा दिसताच उसळणारी तलफ मंदावावी, एवढीच अपेक्षा असते. प्राण्यांवर या पद्धतीला भरघोस यश मिळाले. माणसांत ते तुरळक आहे. प्रस्थापित उपचारांत तिचा अजून समावेश झालेला नाही.

हेरॉइन सोडल्यावर होणारा शारीरिक त्रास, व्यसनी मंडळींच्या भाषेत ‘टर्की’, साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. तलफ मात्र कित्येक महिन्यांनीही उसळते. गर्द ओढणाऱ्याला चांदीचा कागद दिसला, जुना सोबती भेटला, ठरावीक गल्लीवरून जावे लागले, की ती जागी होते. पाव्हलॉव्हने दाखवलेल्या अभिसंधानाचाच हा प्रकार. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथील रुग्णांचे निरीक्षण करून एब्रॅहम विक्लर यांनी 1940 च्या दशकातच हा संबंध मांडला होता. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यासही इथे आठवतो. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी फार थोडे मायदेशी आल्यावर पुन्हा त्यात अडकले. त्याची कारणे अनेक असतील, पण परिसर बदलला हे त्यांतले एक मानले जाते. याउलट, कोकेनची सवय लागलेल्या उंदरांची तलफ पदार्थ बंद केल्यावर पहिले काही आठवडे घटण्याऐवजी वाढत जाते, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. काळ हे सर्वांवर औषध, हा समज निदान या बाबतीत फसवा आहे.

खुणा वारंवार दाखवायच्या, पण नशा द्यायची नाही, हा यावरचा सरळ उपाय. त्याला विलोपन म्हणतात. उपचाराच्या खोलीत तो लागू पडतो. बाहेर टिकत नाही. विलोपनात जुनी आठवण नाहीशी होत नाही, तिच्यावर नवी रचली जाते आणि ही नवी आठवण त्या खोलीशीच बांधलेली राहते. रुग्ण आपल्या वस्तीत परतला, की जुनी वर येते.

जुन्या आठवणीलाच हात घालता येईल, ही शक्यता 2000 मध्ये ठळकपणे पुढे आली. करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी न्यूयॉर्कमध्ये उंदरांची भीतीची पक्की आठवण जागी केली आणि लगेच मेंदूतील अमिग्डला या भागात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले. ती भीती उरली नाही. तेच औषध सहा तासांनी दिले तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे जागी झालेली आठवण काही तास अस्थिर असते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. या प्रक्रियेला पुनर्दृढीकरण म्हणतात. अशा प्रकारचा दावा 1968 मध्येही झाला होता, पण तो मागे पडला होता. केंब्रिजमध्ये जोनाथन ली, बॅरी एव्हरिट आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हेच तत्त्व व्यसनाला लावले. अमिग्डलात एका जनुकाचे काम आठवण जागी करण्याच्या वेळी रोखल्यावर, कोकेनशी जोडलेल्या दिव्याची उंदरांवरील मोहिनी ओसरली.

माणसांतील सर्वांत गाजलेला प्रयोग चीनमधला. लू लिन यांच्या गटाने 2012 मध्ये हेरॉइन सोडलेल्या 66 रुग्णांवर तो केला आणि त्यात औषध वापरलेच नाही. पाच मिनिटे हेरॉइनची चित्रफीत दाखवायची, दहा मिनिटे थांबायचे आणि मग तासभर विलोपन करायचे. दहा मिनिटांऐवजी सहा तास थांबलेल्या गटाला फायदा झाला नाही. दहा मिनिटांच्या गटात तलफ आणि तिच्यासोबत चढणारा रक्तदाब सहा महिन्यांनीही कमी आढळला. निष्कर्ष मोठा आहे, पण मोजली गेली ती तलफ. मोकळ्या जगात, पदार्थ हाताशी असताना, हे रुग्ण त्यापासून किती दूर राहिले असते याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

लंडनमधील 2019 च्या प्रयोगाची रचना अधिक चतुर आहे. आठवण नुसती जागी करून भागत नाही, अपेक्षाभंगही व्हावा लागतो, हे अर्जेंटिनात खेकड्यांवरील प्रयोगांतून 2004 मध्ये पुढे आले होते. रवी दास, संजीव कंबोज आणि सहकाऱ्यांनी जास्त बिअर पिणाऱ्या 90 जणांना निवडले. त्यांच्यापैकी काहींसमोर बिअरचा ग्लास ठेवला, तो प्यायला मिळेल असे सांगितले आणि ऐनवेळी उचलून नेला. त्यानंतर पुनर्दृढीकरण रोखण्यासाठी केटामाइन हे औषध दिले. या गटाचे पिणे नऊ महिन्यांत सरासरी निम्म्यावर आले. मात्र हे लोक व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेले रुग्ण नव्हते.

प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे जुने, स्वस्त औषध. ते पुनर्दृढीकरण रोखेल म्हणून अनेकांची त्याच्यावर भिस्त होती. कोकेनच्या आहारी गेलेल्या 50 जणांवरील 2013 च्या चाचणीत ते घेतलेल्यांची तलफ दुसऱ्या दिवशी कमी भरली. आठवड्याने दोन्ही गटांत फरक राहिला नाही.

मूळ अडचण अशी, की माणसाची आठवण खरोखर अस्थिर झाली की नाही, हे त्या क्षणी सांगणारी कोणतीही खूण उपलब्ध नाही. उजळणी फार छोटी झाली तर आठवण हलत नाही, लांबली तर नुसते विलोपन होते. आठवण किती जुनी आणि किती घट्ट, यावरही बरेच अवलंबून असते. शिवाय ज्या दारातून ती दुबळी होते त्याच दारातून बळकटही होऊ शकते. भीतीच्या आठवणींबाबत उंदरांमध्ये हे दिसले आहे. भीतीवरील ज्या मानवी प्रयोगाने ‘आठवण जागी करून विलोपन’ या पद्धतीला 2010 मध्ये प्रतिष्ठा दिली, त्याचा निष्कर्ष 2020 मधील काटेकोर पुनरावृत्तीत मिळाला नाही. त्यामुळे एकेका यशस्वी चाचणीवरून उपचार हाती आला असे मानणे घाईचे ठरेल.

आठवण जागी करण्याची गरजच टाळणारी एक वेगळी वाट फ्लोरिडातील कोर्टनी मिलर यांच्या प्रयोगशाळेने शोधली. चेतापेशींच्या सांगाड्यातील ॲक्टिन या प्रथिनाची जडणघडण अमिग्डलात बिघडवल्यावर प्राण्यांमधील मेथॲम्फेटामाइनशी जोडलेली आठवण गेली. भीतीची आणि खाद्याशी जोडलेली आठवण शाबूत राहिली. ॲक्टिन हृदयाच्या स्नायूंनाही लागते, म्हणून त्यावर थेट घाव घालणे माणसांत शक्य नाही. तेव्हा त्याला चालना देणारे मायोसिन हे प्रथिन रोखून पाहिले आणि ब्लेबिस्टॅटिनच्या एकाच इंजेक्शनाने प्राण्यांमध्ये तोच परिणाम मिळाला. कोकेन आणि मॉर्फीनच्या आठवणींवर मात्र याच औषधाचा तसा परिणाम झाला नाही.