मंडळीची यादी आणि मंडळीतले गट

१५ फेब्रुवारी १७४२ रोजी ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्ली यांचे मेथडिस्ट अनुयायी जमले ते आपल्या मंडळीवरचे कर्ज कसे फेडायचे हे ठरवायला. दर माणशी आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना आली. गरिबांना तेवढेही झेपणार नाही, अशी शंका निघताच कॅप्टन फॉय म्हणाले, सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि कमी पडेल ते पदरचे घालीन. मेथडिस्टांचा ‘क्लास’ या वसुलीतून जन्मला: बाराएक माणसे आणि त्यांचा एक पुढारी. दारोदार जाताना कोणाचे कसे चालले आहे, कोण भरकटले आहे, हे पुढाऱ्यांना कळू लागले. पेनीपेक्षा ही विचारपूसच मोलाची, हे वेस्लींनी लगेच ओळखले.

चर्च व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील गटांचा अभ्यास करू पाहणाऱ्या वाचकाने सुरुवात इथून करावी, असे मला मनापासून वाटते. नोंदवह्या त्याआधीही होत्या. इंग्लंडमध्ये १५३८पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन लिहून ठेवायचे होते. क्लासच्या कागदाने निराळाच प्रश्न विचारला: हा माणूस दर आठवड्याला कोणाबरोबर बसतो?

आजची प्रणाली याच प्रश्नाभोवती रचलेली असते. चर्चसीआरएम हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पाहा. त्यात व्यक्ती, कुटुंब आणि गट यांचे वेगवेगळे तक्ते आहेत. व्यक्तीची नोंद एका कुटुंबाशी जोडली जाते, गट मात्र कितीही असू शकतात. ही जोडणी आणखी एका छोट्या तक्त्यात राहते: व्यक्ती, गट, भूमिका. एखादी बाई रविवारच्या शाळेत शिक्षिका असेल आणि गायनवृंदात साधी सभासद असेल, तर तिच्या दोन ओळी होतात. भूमिका त्या बाईला चिकटत नाही, तिच्या त्या गटाशी असलेल्या नात्याला चिकटते. या मांडणीतला हा भाग मला फार समंजस वाटतो. त्या ओळीत तारखेला मात्र जागा नाही. गटातून नाव काढले की ओळच जाते. ती बाई कधी आली, कधी थांबली, हे टिपणांत शोधावे लागते. काळजी घेणाऱ्या पाळकाला नेमके तेच हवे असते, म्हणून तक्त्याची रचना हा केवळ संगणकवाल्यांचा विषय नाही.

आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांत महिला मंडळ, तरुण संघ, शब्बाथ शाळा हे गट संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहेत. ते पडद्यावर आणताना कोणते नाते नोंदवायचे याइतकेच कोणते नोंदवायचे नाही, हेही ठरवावे लागते. कोणी मंडळीतल्या विधवांचा किंवा कर्जबाजारी कुटुंबांचा गट करायला सुचवले, तर मी आधी विचारीन की ही यादी कोणाकोणाला दिसणार. युरोपात २०१८पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने धर्मश्रद्धेची माहिती खास संरक्षणाच्या वर्गात घातली आहे. धार्मिक संस्थेला आपल्या सभासदांची नोंद ठेवता येते, पण त्यांच्या संमतीशिवाय ती बाहेर देता येत नाही. नव्या अभ्यासकाने एकच गट निवडावा, त्यातील भूमिका कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येक रकान्यासमोर तो कोण वाचणार हेही लिहावे. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडावे.