कुळ कोणते, काठ कोणता?

शाळेत नाव घालताना पोवार मुलाचे आडनाव येते बिसेन, कटरे, टेंभरे किंवा पटले. सोबतचे आजोबा अभिमानाने सांगतात, "आम्ही मूळचे धारचे, राजा भोजाच्या वंशातले." बालाघाट, सिवनी, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतल्या पोवारांची ही परंपरागत समजूत. माळव्यातून नगरधन आणि तेथून वैनगंगेचे खोरे असा त्यांचा प्रवास रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदवला आहे.

परंतु त्यांच्या छत्तीस कुळांत चौहान आहेत, परिहारही आहेत. ही तर परमारांहून वेगळी राजपूत घराणी! मग सारे एकाच राजाचे वंशज कसे? स्कॉटलंडमध्येही हेच दिसते. तेथील 'क्लॅन' शब्दाचा मूळ अर्थ लेकरे. तरी सरदाराच्या आश्रयाला आलेल्या परक्या कुटुंबांनीही त्याचेच नाव लावले. कुळ रक्तातून सुरू होते, पण वाढते सोबतीने.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. एकाच कुळातली मुले बाघ नदीच्या एका काठी मराठी, दुसऱ्या काठी हिंदी शिकू लागली. पलीकडच्या काकांची मराठी पत्रिका इकडच्या पुतण्याला अडखळत वाचावी लागते. तरी सोयरीक जुळवताना दोन्ही काठी आधी कुळच विचारतात.

वंशावळीत भोजराजा सापडो वा न सापडो. ती पत्रिका वाचून जो पूल ओलांडून मांडवात हजर होतो, तो त्या कुळाचा.